वरच्या पंखापासून पंच्याऐंशी

९ जानेवारी

प्रिय वगैरे लिहीत नाही. नऊ वर्षांत तुझ्याकडून चकार शब्द नाही आणि माझ्याकडूनही नाही, तेव्हा आता एकदम ‘प्रिय’ लिहिलं तर दोघांनाही हसू येईल. कामाचंच लिहिते.

बाबांचा उजवा डोळा चालला आहे. डावा कसा गेला ते तुला सांगायला नको. डॉक्टर म्हणतात, मार्चअखेरपर्यंत दिसेल ते दिसेल, पुढे उजेड-अंधार आणि फार तर माणसाचा नुसता आकार. बाबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं, घरी आले, चहा प्यायले आणि मला म्हणाले, “माळ्यावरून दुमजली खाली काढ.”

तुला आठवत असेलच. एकावर एक पंख असलेल्या, रिमोटवर उडणाऱ्या त्या विमानाला आपल्या घराबाहेर कुणी दुमजली म्हणत नाही. नऊ वर्षं ती जुन्या चादरीत गुंडाळून पडली होती. वरच्या पंखाचे मधोमध दोन तुकडे, नाक चेपलेलं, शेपटीचा पत्ता नाही. खालचा पंख तेवढा धड आहे. बाबांना ती पुन्हा उभी करायची आहे आणि दिसतंय तोवर एकदा हवेत बघायची आहे. मी म्हटलं, बाबा, अहो, दुसरं काही मागा. तर म्हणे, दुसरं काही नको.

हात त्यांचे थरथरतात, म्हणून जोडायची मी. जोडीनही. पण उडवणार कोण? मला रिमोटच्या दोन दांड्यांतली कुठली काय करते ते अजून कळत नाही. मैदानावर दर रविवारी एक दाताचे डॉक्टर आपलं विमान घेऊन येतात. भला माणूस आहे, उडवतो म्हणाले. बाबा लगेच म्हणाले, “परक्या माणसानं उडवलेलं मला नको.” तुझं नाव घेतलं नाही. पण परका नसलेला असा उरलाय कोण, तूच सांग.

विनवणी करत नाहीये मी. कळवायचं काम माझं होतं, कळवलं.

ताई

२८ जानेवारी

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी चार ओळी! शाई संपली होती की काय?

“बाबांनी स्वतः लिहावं की चूक माझी नव्हती. एक ओळ पुरे. मग येतो. आणि ताई, त्या दिवशी दुमजलीच्या नाकात शिसं किती होतं?”

वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सत्तरी ओलांडलेला माणूस, एक डोळा गेलेला, दुसरा जायला टेकलेला, त्यानं तुझ्यापुढे लेखी द्यायचं? कशाचं? त्या दिवशी रिमोट तुझ्या हातात होता. चाकं जमिनीवरून उचलली आणि दुमजली नाक वर करून सरळ उभीच राहिली. मग उलटली आणि फिरत फिरत आली ती बाबांच्या तोंडावर. मैदानावरची सगळी माणसं म्हणत होती, पोरानं दांडी खेचली, मिजास दाखवायला गेला. मी तर नव्हते ना म्हणत? मी काहीच म्हणाले नव्हते.

दवाखान्यात बाबा म्हणाले, “त्याला सांग, माझ्यासमोर येऊ नकोस.” तो निरोप मी आणला एवढाच माझा दोष. तू बॅग भरलीस आणि गेलास. तुला निदान जायला दार तरी होतं. इथे डाव्या डोळ्याची तीन ऑपरेशनं झाली, तिन्ही फुकट गेली. दर चार तासांनी थेंब. मला दोनदा मोठ्या दवाखान्यात बदली मिळत होती, दोनदा नाही म्हटलं. दिवसभर औषधखिडकीवर बसून लोकांना ‘ही सकाळी, ही जेवणानंतर’ सांगायचं, आणि घरी येऊन पुन्हा तेच. तू तिकडे ऐटीत मनाला लावून घेऊन बसलास. मनाला लावून घ्यायला मला वेळ कधी मिळाला, सांग बघू.

शिशाचं मला आठवत नाही. नऊ वर्षांपूर्वीचे ग्रॅम कोण लक्षात ठेवतं?

बाबांना तुझी अट सांगितलेली नाही. सांगणारही नाही.

१६ फेब्रुवारी

तुझं उत्तर नाही. बरं.

वरचा पंख नवा केला. हलक्या लाकडाच्या एकवीस फासळ्या कापल्या, सगळ्या बाबांच्या हाताखालून गेल्या. ओतशाळेत तीस वर्षं लाकडी साचे केलेला माणूस, डोळ्यांचं काम अंगठ्यानं करतो. एक फासळी केसभर जाड होती, ती त्यांनी न बघता बाजूला काढून ठेवली. म्हणाले, “ही कुणाच्या लग्नाला निघाली होती?” मी हसले. या घरात कुणीतरी हसलं याचं मलाच नवल वाटलं.

मग वरून रंगीत पातळ कागद इस्त्रीनं चिकटवला. इस्त्री जरा जास्त तापली की कागद आक्रसून भोक पडतं. तीन भोकं पाडली, तिन्ही बुजवली. दोन पंखांमधले खांब बसवले आणि आडव्या-तिरक्या तारा ओढल्या. तार एकीकडे जास्त ताणली की पंखाला पीळ पडतो, म्हणून एक इकडची, एक तिकडची, असं पाव पाव फेरा करत आवळायचं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. बाबा खुर्चीत बसून तारेला टिचकी मारायचे आणि आवाज ऐकून सांगायचे, अजून पाव.

खालचा जुना पंखही त्यांनी एकदा हातात घेतला. पुढच्या कडेवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेले, टोकाशी जरा थांबले, मग पंख माझ्याकडे देऊन म्हणाले, “हा धड आहे. हाच लाव.”

आज तोल बघायला घेतला. बॅटरीचं झाकण पोटाला, म्हणून दुमजली उलटी करून टांगायची, छताच्या दोन कड्यांना दोरे, दोऱ्यांचे फास पंखाच्या दोन टोकांना. तू हे शंभरदा बघितलंयस. फास ठरल्या जागी बसला आणि विमान आडवं राहिलं की तोल बरोबर. शेपटी खाली गेली तर नाकात शिसं भरायचं. बाबांच्या वहीत लिहिलंय, ‘वरच्या पंखाच्या पुढच्या कडेपासून पंच्याऐंशी मिलिमीटर.’

आणि मला आज दिसलं. खालच्या पंखाच्या टोकाशी माझ्या हातची जुनी पेन्सिलची खूण आहे. पंच्याऐंशीवर. खालच्या पंखावर! वरचा पंख खालच्याच्या पस्तीस मिलिमीटर पुढे आहे, म्हणजे खालच्यावर मोजायचं तर पन्नासच यायला हवं. मी पस्तीस मागे धरलं होतं. तेवढी शेपटी जड. असं विमान कुणाच्याही हातात दिलं तरी उभंच राहणार.

हे आज माझ्या लक्षात आलं. तुला कळवणं भाग होतं.

१८ फेब्रुवारी

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते तुला मिळायच्या आधी हे मिळालं तर बरं, पण टपाल कुणाचं ऐकतं?

मला आज कळलं नाही, परवाही कळलं नाही. मला अपघातानंतर नवव्या दिवशी कळलं. तू जाऊन चार दिवस झाले होते. बाबा दवाखान्यात होते आणि मी मैदानावरून आणलेला तो सांगाडा माळ्यावर टाकायला काढला होता. चादर पसरली, खालचा पंख उचलला आणि खूण दिसली.

झालं काय ते सांगते. त्या सकाळी दुमजली उलटी टांगलेली. तू बाहेर रिमोटची बॅटरी लावत होतास. बाबा माझ्याकडे पाठ करून नाकावरच्या पंख्याचं पातं घासत होते आणि तिथूनच म्हणाले, “वरच्या पंखापासून पंच्याऐंशी.” विमान उलटं होतं रे! माझ्या डोळ्यांसमोर वर होता तो पंख खालचा होता. मी वर दिसत होता त्यावर मोजलं.

बाबांच्या ओतशाळेत ‘वरचा’ म्हणजे काम पुरं झाल्यावर जो वर येतो तो. साच्याचा वरचा अर्धा भाग पालथा पडला असला, टेबलाखाली गेला असला, तरी त्याला वरचाच म्हणायचं. तू लहानपणापासून त्यांच्या मागे मागे ओतशाळेत जायचास, तुला ते न सांगता कळायचं. मला कधी नेलं नाही. तिथे मुलीचं काय काम? मला ‘वरचा’ म्हणजे जो वर असतो तो. आणि माझी बाजू मांडायला हे लिहीत नाहीये. विचारायला तोंड होतं मला. दिवसातून पन्नास माणसांना मी विचारते, पूर्ण नाव सांगा, वय सांगा. त्या दिवशी ‘कुठला वरचा?’ एवढं विचारलं नाही.

शिसंही मला आठवतंय, चांगलं आठवतंय. एक ग्रॅमही लागलं नव्हतं. वहीत एकशेवीस लिहिलेलं, आणि माझ्या हातानं काहीही न भरता दुमजली आडवी राहिली. मी आनंदानं ओरडले होते. बाबा म्हणाले, “अरे वा, हात हलका आहे तुझा.” जन्मात एकदा त्यांनी माझ्या हाताचं कौतुक केलं.

खूण दिसली तेव्हा तुला लिहायला हवं होतं. बाबांना सांगायला हवं होतं. रोज ठरवायची, उद्या सांगते. बाबांची पट्टी निघू दे मग सांगते. दुसरं ऑपरेशन होऊ दे. तिसरं होऊ दे. मग इतका उशीर झाला की सांगण्यापेक्षा तुझा राग करणं सोपं झालं. आणि केला मी, मनापासून केला. तू गेलास म्हणून मी अडकले असं स्वतःला सांगत राहिले. बदली नाकारली ती कर्तव्य म्हणून नव्हे, भीतीनं. मला वाटायचं, मी त्यांचा डोळा घालवलाय, तर मीच त्यात थेंब घालायला हवेत.

शिव्या देऊन लिही. पण लिही.

६ मार्च

अजून तुझी चिठ्ठीसुद्धा नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही लिहिलं नसतं, पण तरी रोज दुपारी पोस्टमनकडे बघते.

काल बाबांना सांगितलं. तुला त्यांची एक ओळ हवी आहे, आणि ती मिळवायची तर आधी मलाच तोंड उघडायला हवं, एवढं मला उशिरा का होईना कळलं. सकाळी ते उन्हात बसले होते. गुडघ्यावर पंख्याचं पातं, हातात घासायचा कागद. मी समोर पाटावर बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. उलटी टांगलेली, वरचा-खालचा, खूण, नववा दिवस.

ते घासतच राहिले. मग म्हणाले, “पंच्याऐंशीवरच धरलं होतंस ना?”

“हो.”

“शिसं लागलं नाही म्हणालीस तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. पण तू इतकी खूश होतीस. म्हटलं, असेल बाबा, लाकूड हलकं लागलं असेल.”

मी त्यांच्या हातातलं पातं काढून बाजूला ठेवलं.

“दवाखान्यातून आलो तेव्हा माळ्यावर चढलो होतो. पट्टी होती डोळ्यावर. तू औषधखिडकीवर गेली होतीस. कडेला दोऱ्याचा वळ पडलेला, बोटाला लागला. पन्नासवर नव्हता.”

ऐकलंस? नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्यांच्यासमोर बसून जेवले, तोंडातला घास गिळताना मला वाटायचं, यांना कळलं तर काय होईल. आणि त्यांना माहीत होतं. त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं मूग गिळून एकमेकांना विचारत होतो, मीठ बरोबर आहे ना? तुझ्या डोक्यावर खापर फोडून आम्ही दोघं इथे शांतपणे जेवत होतो.

मी ओरडले. शेजारच्या खिडक्या उघडल्या, उघडू देत. म्हटलं, “मग त्याला बोलावलं का नाहीत? मला का बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? तो गेलाच होता. तुला सांगितलं असतं तर तूही तोंड लपवून गेली असतीस. मग माझ्या डोळ्यात औषध कुणी घातलं असतं?”

किती सरळ! जणू वाण्याला साखर नाही का विचारावं, इतक्या सरळ. मी कागद आणला, पेन हातात दिलं. म्हटलं, एक ओळ लिहा, चूक त्याची नव्हती. तुमच्या हातानं. वाकडीतिकडी चालेल.

पेन त्यांनी पातं ठेवलं होतं तिथे बाजूला ठेवलं. “नाही.”

“का?”

“तो आला की तू जाशील.”

मला त्यांचा राग आला, इतका राग आयुष्यात कुणाचा आला नव्हता, तुझाही नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते म्हणाले ते खरं आहे. तू आलास तर मी जाणार होते.

तर बाबांची ओळ नाही. माझी घे. चूक माझी होती. तुझा हात जड नव्हता, विमानच जड होतं. हे मी मैदानावरच्या प्रत्येकाला सांगायला तयार आहे, आणि दाताच्या डॉक्टरांना सांगितलंही.

दुमजली तयार आहे. फास पन्नासवर, नाकात शिसं एकशेपंधरा. पाच ग्रॅम कमी लागलं. दोनदा टांगून बघितली, तिसऱ्यांदा बाबांनी स्वतः दोरा धरला. रविवारी, पंधरा तारखेला, सकाळी आठला मैदानावर. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय, यानंतरचा भरवसा नाही. तुझी मी दहापर्यंत वाट बघीन.

१६ मार्च

तू आला नाहीस.

साडेसातलाच आम्ही पोचलो. बाबांना कुंपणाशी सावलीत खुर्ची दिली, मैदानापासून लांब, या वेळी बरंच लांब. त्यांना तुझ्याबद्दल मी काही बोलले नव्हते. पण त्यांनी दाढी केली होती आणि स्वच्छ शर्ट घातला होता. दहा वाजले. सव्वादहा वाजले. वारा वाढायला लागला, तेव्हा मी पलीकडच्या टोकाला जाऊन रिमोट दाताच्या डॉक्टरांच्या हातात दिला. बाबांनी परका नको म्हटलं होतं. न उडवताच डोळा गेला असता तर?

पंखा फिरायला लागला, दुमजली गवतावरून उड्या मारत पळाली आणि सुटली. नाक वर गेलं नाही. ती सरळ गेली, हळूहळू चढली, आणि झाडांच्या वर गेल्यावर डॉक्टरांनी डावीकडे मोठं वळण घेतलं. ऊन दोन्ही पंखांमधून आरपार दिसत होतं. खरंच सुंदर दिसत होती रे. सहा मिनिटं उडवली आणि अलगद उतरवली. डॉक्टर म्हणाले, “तोल अगदी चोख आहे. मला काही करावंच लागलं नाही.” मी तिथेच रडायला लागले, त्यांना वाटलं आनंदानं.

विमान घेऊन मी कुंपणाशी आले. बाबांचे डोळे वाहत होते, दोन्ही. मला काही बोलू न देता म्हणाले, “तोच ना? वळण बघितलं मी. असं लांब वळण तोच घेतो.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “हो.”

“कुठंय?”

मागे वळून बघितलं. डॉक्टर आपल्या गाडीत सामान भरत होते. बाबांना त्या अंतरावर माणूस ओळखू आला नसता.

“गेला,” मी म्हटलं.

“मला न भेटता?”

“हो.”

ते दुमजलीच्या नाकावर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, “बरोबर केलं त्यानं. चूक त्याची नव्हतीच. मी त्याच्या जागी असतो तर विमानाला हातसुद्धा लावला नसता.”

तुला त्यांच्या तोंडची एक ओळ हवी होती. घे. त्यांनी लिहून दिलेली नाही, आणि मी खोटं बोलले म्हणून मिळाली, पण शब्द त्यांचेच आहेत, एक काना इकडचा तिकडे केलेला नाही. घरी येईपर्यंत त्यांनी तीनदा विचारलं, तो बारीक झालाय का, केस पांढरे झालेत का. मी म्हटलं, थोडे. आज सकाळी शेजाऱ्यांना सांगत होते, काल मुलगा येऊन गेला, घाईत होता.

तू आता खरोखर आलास, तर त्यांच्यासमोर मी खोटी पडेन. पडेन तर पडेन. ये.

ताई